साध्या मजकुरातून प्रश्नमंजूषा: प्रकल्पाच्या नोंदी

४ मार्च

विज्ञानाच्या उजळणीसाठी आम्ही तयार करत असलेला प्रश्नसंच आजवर तीन ठिकाणी विखुरलेला होता. काही प्रश्न वर्ड प्रोसेसरच्या फाइलींत होते, काही स्प्रेडशीटमध्ये, आणि जे ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष सोडवता येत होते ते मी जेसनमध्ये, म्हणजे संगणकाला वाचता येईल अशा कंस-अवतरणांच्या मांडणीत, लिहिलेले होते. प्रश्न माझ्या सहकारी शिक्षिका लिहितात आणि ते पडद्यावर सोडवण्याजोगे मी करते, अशी आमची कामाची वाटणी आहे. आज त्यांनी जेसनच्या फाइलीत एका पर्यायातील शब्द दुरुस्त केला, त्या दुरुस्तीत एक स्वल्पविराम गळाला आणि ६० प्रश्नांचा संपूर्ण संच उघडेनासा झाला. यात दोष त्यांचा मानता येणार नाही. ज्यांचे लक्ष प्रश्नाच्या आशयावर असायला हवे त्यांना अवतरणचिन्हे आणि महिरपी कंस मोजावे लागत असतील, तर ती मांडणी यंत्राच्या सोयीची आहे, लिहिणाऱ्याच्या नव्हे.

यापुढे संपूर्ण संच साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवायचा, असे ठरवले. कसोटी एकच ठेवली आहे: ती फाइल छापून कोणाच्याही हाती दिली, तरी ती प्रश्नपत्रिकेसारखी सरळ वाचता आली पाहिजे.

६ मार्च

आधीपासून रूढ असलेल्या मांडण्या आज बारकाईने पाहिल्या. त्यांपैकी एकेन सर्वांत साधी आहे. तिच्यात प्रश्न एका ओळीत येतो, पर्यायांच्या ओळी ए, बी, सी, डी या रोमन मोठ्या अक्षरांनी सुरू होतात आणि अखेरच्या ओळीत बरोबर पर्यायाचे अक्षर सांगितलेले असते. ती पाच मिनिटांत शिकता येते. परंतु पर्यायांना अ, ब, क, ड अशी अक्षरे देता येत नाहीत आणि एखादा पर्याय का चुकीचा आहे हे सांगण्यासाठी तिच्यात जागाच नाही. आमच्या दृष्टीने ही दुसरी उणीव मोठी आहे.

मूडल या २००२ पासून उपलब्ध असलेल्या मुक्त शिक्षण-प्रणालीत वापरली जाणारी गिफ्ट ही मांडणी याहून बरीच समर्थ आहे. महिरपी कंसात पर्याय लिहायचे, बरोबर पर्यायापूर्वी = आणि चुकीच्या पर्यायापूर्वी ~ द्यायचे, आणि पर्यायानंतर # देऊन त्याच पर्यायाचा प्रतिसाद लिहायचा, एवढ्या आणि अशाच आणखी मोजक्या चिन्हांवर बहुपर्यायी, चूक-बरोबर, जोड्या लावा, रिकामी जागा आणि संख्यात्मक असे सर्व प्रकार तिच्यात बसतात. मात्र प्रश्नाच्या मजकुरातच =, ~, #, : किंवा महिरपी कंस आला, तर त्यापूर्वी प्रत्येक वेळी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. गणिताच्या समीकरणात बरोबरचे चिन्ह टाळता येत नाही, त्यामुळे भौतिकशास्त्राच्या एका पानावर अशा रेघा इतक्या झाल्या, की समीकरण वाचताना डोळा अडखळू लागला.

लिआस्क्रिप्टमध्ये मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या चिन्हांनी शीर्षके आणि याद्या दाखवणाऱ्या लेखनपद्धतीच्या, मजकुरातच दुहेरी कंसांनी प्रश्न लिहिता येतात आणि संपूर्ण अभ्यासक्रम लिहायचा असता तर मी तीच निवडली असती. क्यूटीआय हे एक्सएमएलवर आधारलेले मानक दोन प्रणालींमध्ये प्रश्नांची देवाणघेवाण व्हावी यासाठी आहे. ते हाताने लिहिण्याची अपेक्षा कोणी करू नये.

निर्णय असा झाला, की लिहिण्यासाठी आमची स्वतःची अगदी लहान मांडणी ठेवायची आणि तिच्यातून चुका तपासून गिफ्टची फाइल तयार करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मी लिहायची. जगात आधीच पुष्कळ मांडण्या असताना आणखी एक भर घालताना मन कचरते. म्हणून एक बंधन स्वीकारले: आमची प्रत्येक फाइल वैध मार्कडाउन असलीच पाहिजे, म्हणजे उद्या माझी स्क्रिप्ट नाहीशी झाली तरी प्रश्न वाचनीय राहतील.

९ मार्च

मांडणीत तीनच चिन्हे ठेवली आहेत. बरोबर पर्यायाची ओळ + ने सुरू होते, चुकीच्या पर्यायाची - ने, आणि त्या पर्यायाचे स्पष्टीकरण त्याच्या खाली थोडे आत सरकवून > ने. प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर त्याचे कायमचे नाव असते, कारण प्रश्नाचे शब्द बदलले तरी त्याची ओळख बदलता कामा नये.

मार्कडाउनचा पाया घेतल्यामुळे दोन गोष्टी आज लक्षात आल्या, त्या इथे नोंदवून ठेवते. २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मांडलेल्या मार्कडाउनच्या काही संदिग्ध जागा पुढे कॉमनमार्क या विनिर्देशाने निश्चित केल्या. त्यानुसार + आणि - ही दोन्ही यादीचीच चिन्हे आहेत, परंतु चिन्ह बदलले की नवी यादी सुरू होते. त्यामुळे सामान्य मार्कडाउन दर्शकात आमचे तीन पर्याय कधीकधी तीन वेगळ्या याद्या म्हणून दिसतात. वाचनाला त्याची बाधा येत नाही, म्हणून ते तसेच ठेवले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. क्रमांकित यादीसाठी कॉमनमार्क फक्त इंग्रजी मांडणीतले अंक ओळखतो. शिक्षिकांनी सवयीप्रमाणे १., २., ३. असे देवनागरी अंक देऊन पर्याय लिहिले, तेव्हा त्यांची यादी झालीच नाही आणि तिन्ही पर्याय सलग एका परिच्छेदात मिसळून गेले. फाइल उघडून पाहणाऱ्याला सर्व काही ठीक दिसते, पडद्यावर मात्र पर्याय गायब. तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये पहिला नियम याचाच घातला: ओळ देवनागरी अंक आणि पूर्णविराम यांनी सुरू होत असेल, तर ओळीच्या क्रमांकासह सूचना द्यायची.

१० मार्च

पर्याय लिहायचा राहून नुसते - हे चिन्ह ओळीवर उरले, तर मार्कडाउन त्याच्या वरच्या प्रश्नालाच शीर्षक समजतो. हाही नियम तपासणीत घातला.

१४ मार्च

आजचा दिवस स्पष्टीकरणांचा. शिक्षिकांनी नव्या मांडणीत लिहिलेला पहिला पूर्ण प्रश्न इथे उतरवून ठेवते:

## ऋतू-०३
पृथ्वीवर ऋतू कशामुळे बदलतात?
- पृथ्वी सूर्यापासून कधी जवळ, तर कधी दूर असते म्हणून
  > पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, आणि तेव्हा उत्तर गोलार्धात हिवाळा असतो.
+ पृथ्वीचा अक्ष कललेला आहे म्हणून
  > हा कल सुमारे २३.४ अंशांचा आहे.
- पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून
  > त्या फिरण्यामुळे दिवस आणि रात्र होतात.

पहिल्या पर्यायाखालचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. ‘चूक’ एवढाच शब्द दिसला असता तर विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे गेला असता आणि अंतराची कल्पना मनात तशीच राहिली असती. इथे त्याच्याच कल्पनेला छेद देणारी वस्तुस्थिती त्याच्यासमोर येते. स्पष्टीकरणाची ओळ पर्यायाच्या लगेच खाली असल्यामुळे ‘हा पर्याय कोणी आणि का निवडेल?’ हा प्रश्न लिहितानाच मनात येतो, असे शिक्षिका स्वतः म्हणाल्या. स्प्रेडशीटमध्ये स्पष्टीकरणाचा रकाना उजवीकडे दूर, पडद्याबाहेर होता आणि तो बहुतेक रिकामाच राहत असे.

हा केवळ सौजन्याचा भाग नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की बहुपर्यायी चाचणीमुळे पुढची आठवण सुधारते, पण त्याबरोबर वाचलेले चुकीचे पर्याय नंतर खरे उत्तर म्हणून आठवण्याचा धोकाही निर्माण होतो. आणि उत्तरानंतर प्रतिसाद दिल्यास हा धोका कमी होतो, हे रोडिगर यांनी अँड्र्यू बटलर यांच्यासोबत २००८ मध्ये दाखवले. चुकीचा पर्याय लिहिणे म्हणजे चुकीची गोष्ट वाचायला देणे होय, आणि तिचे उत्तर तिथेच देण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. म्हणून आजपासून स्पष्टीकरण नसलेला चुकीचा पर्याय तपासणीत दोष म्हणून धरला जाईल. सूचना देऊन पुढे जाऊ देणे मी मुद्दाम टाळले आहे. स्पष्टीकरण लिहिले जाईपर्यंत तो प्रश्न संचात येणारच नाही.

१९ मार्च

१४ मार्चच्या नियमाची किंमत आज दिसली. चार पर्यायांच्या जुन्या प्रश्नांत चौथ्या पर्यायाचे स्पष्टीकरण सुचेना, कारण तो पर्याय केवळ संख्या भरण्यासाठी आलेला होता आणि तो निवडण्याचे कारण कोणालाच नव्हते. मायकेल रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये ८० वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन तीन पर्याय पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढला होता. त्याचा आधार घेऊन आम्ही असे पर्याय निःसंकोच काढून टाकले. ज्याचे स्पष्टीकरण लिहिता येत नाही तो पर्याय नको, हा आता आमचा कामाचा नियम झाला आहे आणि तो मांडणीतूनच आपोआप निघाला, याचे समाधान वाटते.

पर्यायांचा क्रम पडद्यावर दर वेळी बदलतो. त्यामुळे ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘अ व ब दोन्ही’ हे पर्याय निरर्थक ठरतात. ‘वरीलपैकी’ हा शब्द आढळला की तपासणी थांबते. अशा प्रश्नांचे रूप बदलून अनेक + असलेले प्रश्न केले. एकापेक्षा अधिक + दिसले, की स्क्रिप्ट गोल बटणांऐवजी चौकोनी खुणा दाखवते; लिहिणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागत नाही.

२४ मार्च

रिकाम्या जागांचे प्रश्न हाती घेतले. प्रश्नात ___ असेल, तर + च्या ओळी म्हणजे स्वीकारायची उत्तरे आणि - च्या ओळी म्हणजे आधीच ओळखलेली चुकीची उत्तरे, असा अर्थ ठरवला. तीच चिन्हे, तोच क्रम. नवे काही शिकावे लागत नाही:

## गती-११
बल म्हणजे वस्तुमान आणि त्वरण यांचा गुणाकार, हे न्यूटनच्या ___ नियमावरून मिळते.
+ दुसऱ्या
- पहिल्या
  > पहिला नियम जडत्वाचा आहे. बल नसताना काय घडते ते तो सांगतो.
- तिसऱ्या
  > तिसरा नियम क्रिया आणि प्रतिक्रिया यांचा आहे.

चाचणीसाठी मी स्वतः ‘दुसर्‍या’ असे उत्तर टंकले आणि पडद्याने ते चूक ठरवले. दोन्ही शब्द डोळ्यांना एकसारखे दिसत होते. शोध घेतल्यावर कळले, की मराठीतला अर्धा, चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात ऱ हे युनिकोडमधील, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतसूचीतील, स्वतंत्र अक्षर, त्यानंतर हलन्त आणि य असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर शून्य रुंदीचे अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असतो. कोणता प्रकार येईल हे टंकणाऱ्याच्या कीबोर्डवर अवलंबून असते. विद्यार्थ्याला याची जाणीव असण्याचे काहीच कारण नाही आणि बरोबर उत्तर देऊनही ‘चूक’ असे वाचणे यासारखा अन्याय नाही.

पहिला उपाय म्हणून तुलना करण्यापूर्वी सर्व अदृश्य चिन्हे पुसून टाकली. त्याने प्रकरण अधिकच बिघडले, कारण जोडचिन्ह गेल्यावर र आणि हलन्त यांचा रफार झाला आणि ‘दुसर्या’ हा भलताच शब्द तयार झाला. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची एनएफसी ही पद्धतही लावून पाहिली. र आणि नुक्ता असे वेगवेगळे लिहिलेले असेल तर ती त्यांचा ऱ करते, पण जोडचिन्हाचा प्रकार तिच्या कक्षेत येत नाही. शेवटी क्रम असा ठरला: आधी एनएफसी, मग र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त, आणि त्यानंतरच उरलेली अदृश्य चिन्हे काढणे. या क्रमाने दोन्ही रूपे जुळली.

याच दुपारी ॲल्युमिनिअमनेही अडवले. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या सवयीने अनेक जण अजूनही अ आणि त्यावर वेगळी अर्धचंद्राची खूण असे टंकतात. ही दोन रूपे एनएफसीच्या लेखी भिन्नच राहतात, म्हणून त्यांचीही अदलाबदल स्वतः लिहावी लागली.

ऱ्हस्व-दीर्घाचे काय करायचे, यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. तुलना करताना सर्व इकार आणि उकार एकच मानावेत, असे मी सुचवले होते. शिक्षिकांनी ते नाकारले आणि त्यांचे म्हणणे मला पटले: दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, हा भेद यंत्राने परस्पर पुसता कामा नये. त्याऐवजी अपेक्षित पर्यायी लेखन प्रश्न लिहिणाऱ्यानेच + च्या ओळीत द्यायचे आणि खाली स्पष्टीकरण जोडायचे. सर्वांत मोठ्या ग्रहाच्या प्रश्नात आता ‘+ गुरू’ याच्याखाली ‘+ गुरु’ अशीही ओळ आहे आणि तिचे स्पष्टीकरण असे: ‘उत्तर बरोबर आहे, मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहितात.’ गुण मिळतो, लेखनही सुधारते.

२६ मार्च

संख्यात्मक उत्तरे. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला ‘१२’ ही संख्या वाटत नाही; रूपांतर केल्यास ‘संख्या नाही’ असेच मूल्य परत येते. उलट माझी तपासणीची स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे आणि पायथन देवनागरी अंक विनातक्रार वाचतो, त्यामुळे हा दोष तपासणीत कधीच दिसला नसता. दोन्हीकडे सर्व अंक आधी एकाच रूपात आणण्याची सोय केली. एकाच फाइलवर दोन भाषा काम करत असतील, तर अंकांची चाचणी दोन्हींत स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

उत्तराची मर्यादा दोन टिंबांनी लिहायची. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोहोचण्यास किती मिनिटे लागतात, या प्रश्नात ‘+ ८ .. ८.६’ अशी ओळ आहे. शिक्षिकांनी त्याखाली ‘- ४९० .. ५१०’ अशी ओळ जोडली आणि स्पष्टीकरण दिले: ‘गणित बरोबर आहे, पण हे उत्तर सेकंदांत आले, प्रश्न मिनिटांचा आहे.’ चुकीचे उत्तर आधीच ओळखून त्याला नेमका प्रतिसाद देण्याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

२ एप्रिल

रिकाम्या जागेसोबत उत्तरातील अक्षरांची संख्या सूचना म्हणून दाखवायचा विचार होता, तो सोडून दिला. ‘क्षेत्र’ हा शब्द जावास्क्रिप्टच्या साध्या मोजणीत ७ भरतो, अक्षरगटांच्या जुन्या नियमांनी ४, आणि जोडाक्षरे एकत्र धरणाऱ्या, युनिकोड १५.१ मधील नव्या नियमाने २. वाचणारा दोनच मोजेल; पण जुन्या ब्राउझरमध्ये वेगळी संख्या दिसली असती आणि दिशाभूल करणारी सूचना देण्यापेक्षा सूचना नसलेली बरी.

७ एप्रिल

पडद्यावरची बाजू पूर्ण केली. प्रत्येक प्रश्न एचटीएमएलच्या फील्डसेट या गटात आणि त्याचे वाक्य लेजंड या त्या गटाच्या शीर्षकात ठेवले, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनाला कोणते पर्याय कोणत्या प्रश्नाचे आहेत हे कळते. पानाची भाषा मराठी असल्याचे नोंदवले, नाहीतर तेच साधन मराठी मजकूर परक्या उच्चारांनी वाचू लागते. केवळ हिरव्या-लाल रंगावर विसंबणे टाळून ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे शब्द लिहिले. रंग हे माहितीचे एकमेव साधन असू नये, हा सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांचा स्पष्ट निकष आहे.

उत्तरे पानासोबतच ब्राउझरमध्ये येतात, त्यामुळे शोधणाऱ्याला ती सापडणारच. ती गूढ करून दडवण्याचा प्रयत्न केला नाही. हा संच स्वतःच्या सरावासाठी आहे आणि गुणांकनासाठी वापरायचा झाल्यास गिफ्टची फाइल एखाद्या प्रणालीत भरून उत्तरे सर्व्हरवरच तपासावीत, असे संचाच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

१५ एप्रिल

विद्यार्थ्यांनी आज पहिल्यांदा संच सोडवला. यंत्राची अडचण कुठेच आली नाही. परंतु ऋतू-०३ या प्रश्नाबाबत शिक्षिकांनी एक गोष्ट टिपून आणली आणि ती मला अस्वस्थ करणारी आहे. बरोबर पर्याय निवडलेल्या काही जणांना त्यांनी कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘अक्ष कलल्यामुळे आपला गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो.’ म्हणजे अंतराची कल्पना तशीच होती. ती बरोबर पर्यायाच्या आड सुरक्षित राहिली होती. चुकीच्या पर्यायांची स्पष्टीकरणे सक्तीची करताना बरोबर पर्यायाखाली ‘२३.४ अंश’ एवढ्या एका आकड्यावर आम्ही समाधान मानले, ही माझीही चूक आहे.

तपासणीत दुरुस्ती केली: स्पष्टीकरण आता + च्या ओळीलाही सक्तीचे आहे. ते ‘का’ सांगते की नाही हे स्क्रिप्टला कळत नाही, ते आम्ही दोघींनी वाचूनच ठरवायचे आहे. संचातील सर्व बरोबर पर्याय त्या दृष्टीने पुन्हा वाचायला घेतले असून ४० प्रश्न आज झाले. ऋतू-०३ मधील जुनी ओळ काढून तिथे असे लिहिले: ‘कलामुळे उन्हाळ्यात गोलार्धावर सूर्यकिरण अधिक सरळ पडतात आणि दिवस मोठा होतो, म्हणून उष्णता अधिक मिळते.’ आणि त्याच्या पुढे हा नवा प्रश्न जोडला:

## ऋतू-०४
अक्षाच्या कलामुळे उन्हाळ्यात आपला गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो, म्हणून उकडते. हे कारण योग्य आहे का?
- होय
  > पृथ्वीचा संपूर्ण व्यासच सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे आणि सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. कलामुळे पडणारा अंतराचा फरक व्यासाहूनही कमी असतो. त्याने उन्हाळा होऊ शकत नाही.
+ नाही
  > अंतरातला फरक नगण्य आहे. किरण किती सरळ पडतात आणि दिवस किती तासांचा आहे, यांवर उष्णता ठरते.